टॅग कोणाचा? : अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतील मोठ्या शिकारीचे हंगाम, मार्गदर्शक-व्यवसाय आणि बदलते परवाना-नियम

विषयप्रवेश

'शिकार' हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकासमोर आज साधारणपणे दोन चित्रे उभी राहतात : संस्थानी काळातील मचाण आणि हाकारे हे एक, आणि वनखात्याने पकडलेली चोरटी शिकार हे दुसरे. या दोहोंच्या मधले चित्र म्हणजे शासनाने मोजून दिलेली, शुल्क आकारून आणि मुदत घालून दिलेली शिकार. ते आपल्याकडे अगदीच प्राचीन काळात जमा झालेले नाही. विदर्भ ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचा भाग होता, तेथे वनविभाग शिकारीसाठी ब्लॉक आखून परवाने देत असे. इतकेच नव्हे, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या मूळ स्वरूपातही विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार असे परवान्यांचे स्वतंत्र वर्ग होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले आणि हौसेची शिकार कायद्याच्या चौकटीतून बाहेर गेली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः मोंटाना, वायोमिंग, कोलोरॅडो, आयडाहो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि अलास्का या राज्यांत, हे मधले चित्र आजही शासनव्यवहाराचा नित्याचा भाग आहे. तेथे दरवर्षी लक्षावधी लोक एल्क, म्यूल डिअर, प्राँगहॉर्न, मूस, अस्वल इत्यादी प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्ज करतात आणि त्यांपैकी काही जण व्यावसायिक मार्गदर्शकांची सेवा घेतात. या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'टॅग'. गेल्या काही दशकांत टॅगविषयीचे नियम वारंवार बदलले असून प्रत्येक बदलावर तेथील विधिमंडळांत, न्यायालयांत आणि सार्वमतात कडाक्याचा वाद झालेला दिसतो. या वादांत दोन भिन्न प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात : प्राणी किती मारावेत, आणि ते कोणी मारावेत. पहिला प्रश्न जीवशास्त्राचा आहे, दुसरा वाटपाचा. ते वेगळे करून पाहिल्याखेरीज मार्गदर्शक-व्यवसायाची आजची अडचण नीट उलगडत नाही. प्रस्तुत लेखात ही उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

टॅग म्हणजे काय

परवाना आणि टॅग हे शब्द बोलण्यात एकमेकांसाठी वापरले जात असले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. परवाना शिकार करण्याची पात्रता देतो, तर टॅग एका विशिष्ट प्राण्यावर हक्क देतो. कोणती जात, नर की मादी, राज्याच्या कोणत्या विभागात, कोणत्या तारखांना आणि कोणत्या शस्त्राने, हे सारे टॅगवर ठरलेले असते. प्राणी मारला गेल्यानंतर शिकाऱ्याने तारखेची नोंद करून तो टॅग तेथल्या तेथे मृत देहाला जोडावयाचा असतो. अलास्कात बाहेरच्या शिकाऱ्याला क्रमांक कोरलेला, एकदा अडकवल्यावर पुन्हा न उघडणारा टॅग विकत घ्यावा लागतो. अलीकडे काही राज्यांत कागदी टॅगऐवजी मोबाइलवरील नोंदही ग्राह्य धरली जाते. राज्याचा नियम मोडून मारलेला प्राणी राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा १९०० च्या लेसी कायद्यानुसार संघीय गुन्हा ठरतो. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या चिठ्ठीमुळे शासनाला त्या हंगामात जास्तीत जास्त किती प्राणी कायदेशीरपणे मारले जाऊ शकतील, याची कमाल मर्यादा ठाऊक असते.

अर्थात जितके टॅग तितके प्राणी मारले जातात असे नाही. बहुसंख्य शिकारी रिकाम्या हाताने परततात. त्यामुळे टॅगची संख्या ठरविताना अधिकारी आधी कळपातून किती प्राणी कमी होणे इष्ट आहे ते ठरवितात आणि मग त्या विभागातील यशाचे प्रमाण लक्षात घेतात. समजा, एखाद्या विभागातून चाळीस नर एल्क कमी झालेले चालणार आहेत आणि पाच शिकाऱ्यांपैकी एकालाच यश येते. तर तेथे दोनशे टॅग देता येतील. यशाचे प्रमाण शस्त्रागणिक बदलते. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला प्राण्याच्या फार जवळ जावे लागते, म्हणून त्याला लांबलचक हंगाम देणे परवडते. दूरवर मारा करणाऱ्या बंदुकीसाठी तसे करता येत नाही.

हंगामाची रचनाही याच हिशेबाचा भाग आहे. एल्कचा माजाचा काळ सप्टेंबरात येतो. त्या वेळी नर हाळी देतात आणि त्या आवाजावरून त्यांचा माग काढता येतो. हा काळ बहुतांशी धनुर्धारींसाठी राखलेला असतो. बंदुकीचा हंगाम त्यानंतर, बर्फ पडून कळप उंच डोंगरांवरून खाली उतरू लागण्याच्या सुमारास येतो. मोंटानातील सर्वसाधारण बंदूक-हंगाम पाच आठवड्यांचा असून तो नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी संपतो. कोलोरॅडोने मात्र बंदुकीच्या हंगामाचे चार तुकडे पाडून गर्दी विभागली आहे. एकूण टॅग कमी करणे राजकीयदृष्ट्या कठीण असते तेव्हा हंगामाचे दिवस कमी करणे हा मार्ग अधिकाऱ्यांच्या हाती उरतो.

टॅग मिळण्याचे मार्ग साधारणतः तीन. काही टॅग दुकानात किंवा संकेतस्थळावर मागेल त्याला मिळतात. काही सोडतीने वाटले जातात. आपल्याकडील घरांच्या सोडतीची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, आणि हुरहूरही तशीच. उरलेले मोजके टॅग जमीनमालकांसाठी, लिलावासाठी किंवा अन्य विशेष कारणांसाठी बाजूला काढलेले असतात. २०१३ मध्ये मोंटानातील एका बिगहॉर्न मेंढ्याच्या टॅगला लिलावात ४,८०,००० डॉलर मिळाले होते, यावरून या कागदाचे मोल ध्यानी यावे.

प्राण्याची मालकी

या व्यवस्थेमागे एक कायदेशीर धारणा आहे. युरोपात वन्य प्राण्यावरील हक्क दीर्घकाळ राजाचा किंवा जमीनदाराचा राहिला. अमेरिकेत तो जनतेचा मानला गेला आणि राज्य हे जनतेच्या वतीने विश्वस्त ठरले. 'गीअर विरुद्ध कनेक्टिकट' या १८९६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे मांडली. पुढे १९७९ च्या 'ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा' या निर्णयाने राज्याच्या मालकीचा सिद्धान्त मोडीत काढला. तरी विश्वस्तपणाची कल्पना राज्यांच्या कायद्यांत आणि लोकांच्या मनात टिकून राहिली. तिचा व्यावहारिक अर्थ असा की, एल्क एखाद्या शेतमालकाच्या कुरणात चरत असला तरी तो त्याचा होत नाही. मालक आपल्या जमिनीत येण्यास कोणालाही मज्जाव करू शकतो, पण टॅगशिवाय त्याला स्वतःलाही तो प्राणी मारता येत नाही.

या धारणेला पैशाची जोड १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने मिळाली. बंदुका व दारूगोळ्यावरील संघीय अबकारी कराचे उत्पन्न या कायद्यान्वये राज्यांच्या वन्यजीव विभागांना दिले जाते. त्याचा मुख्य भाग राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या या दोन निकषांवर वाटला जातो. परवाना-शुल्क अन्य कामांकडे वळवणाऱ्या राज्याला हा निधी मिळत नाही. परिणामी वन्यजीव विभागांचा संसार बव्हंशी शिकाऱ्यांच्या पैशावर चालतो, आणि त्यातही राज्याबाहेरून येणारा शिकारी स्थानिकाच्या कित्येक पट शुल्क देतो. टॅगच्या वाटपाचे राजकारण समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही : ज्याला मताधिकार नाही, तोच सर्वाधिक पैसे देतो.

मार्गदर्शक आणि आयोजक

व्यावसायिक शिकारीत 'आउटफिटर' म्हणजे परवानाधारक आयोजक आणि 'गाइड' म्हणजे त्याच्यासाठी रानात प्रत्यक्ष सोबत करणारा मार्गदर्शक. ग्राहकाशी करार आयोजक करतो. सरकारी वनजमिनीवर तळ टाकण्याची अनुमती त्याच्या नावे असते. घोडे, खेचरे, तंबू, आचारी हे सारे त्याचे. मारलेला एल्क डोंगरावरून खाली आणणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. शेकडो किलोंचा हा प्राणी तेथेच फाडून, त्याचे भाग खेचरांवर लादून आणावे लागतात. त्यामुळे दूरच्या शहरातून आठवडाभरासाठी आलेल्या माणसाला आयोजकाची गरज खरीच असते.

या धंद्याचे वेळापत्रक मात्र विचित्र आहे. ग्राहक वर्ष-दोन वर्षे आधी जागा राखून ठेवतात. घोड्यांची वैरण, मजुरांची नेमणूक, तळाची परवानगी यांवरील खर्च हंगामाच्या कितीतरी आधी सुरू होतो. सोडतीचा निकाल हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात लागतो आणि त्यात ग्राहकाचे नाव निघाले नाही तर त्याचे येणेच रद्द होते. आयोजकाला हवी असते ती निश्चिती; सोडतीच्या मुळाशी मात्र अनिश्चितीच असते. टॅगच्या नियमांवरील बहुतेक भांडणे या विसंगतीतून निघाली आहेत.

काही राज्यांनी मार्गदर्शक घेणे कायद्यानेच सक्तीचे केले आहे. अलास्कात तपकिरी अस्वल, डाल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्या शिकारीसाठी राज्याबाहेरील अमेरिकी नागरिकाला परवानाधारक मार्गदर्शक किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातलग सोबत असावाच लागतो; परदेशी नागरिकाला तर सर्वच मोठ्या प्राण्यांसाठी मार्गदर्शक आवश्यक आहे. वायोमिंगमध्ये संघीय कायद्याने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या, रस्ते व वाहने नसलेल्या प्रदेशांत बाहेरचा माणूस एकट्याने मोठी शिकार करू शकत नाही. या नियमाचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने केले जाते. परंतु तोच बाहेरचा माणूस त्याच प्रदेशात एकट्याने भटकंती करू शकतो, मासे धरू शकतो, पक्ष्यांची शिकारही करू शकतो; आणि स्थानिकाला तर अनुभव असो वा नसो, सोबतीची अट नाहीच. तेव्हा हा नियम सुरक्षिततेपेक्षा रोजगाराच्या संरक्षणासाठी अधिक आहे, असे म्हणणे भाग पडते. रोजगाराचे संरक्षण हा काही लाजिरवाणा हेतू नाही. तो उघडपणे सांगितला जात नाही, एवढेच.

अलास्कात या संरक्षणाने एकदा मर्यादा ओलांडली होती. तेथील मंडळ एकेका मार्गदर्शकाला ठरावीक क्षेत्र जवळजवळ कायमचे बहाल करीत असे. १९८८ च्या 'ओसिचेक' खटल्यात अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली, कारण राज्यघटनेने वन्यजीव सर्व जनतेच्या सामायिक वापरासाठी राखलेले आहेत. निर्णय तत्त्वाला धरून होता, पण त्याची दुसरी बाजूही दिसून आली. एका मार्गदर्शकाला तीनच क्षेत्रांत काम करता येते, मात्र राज्याच्या मालकीच्या जमिनीवर एका क्षेत्रात किती मार्गदर्शक असावेत यावर बंधन उरले नाही. स्वतःचे म्हणावे असे क्षेत्र नसल्यावर पुढील वर्षासाठी चांगला मेंढा राखून ठेवण्यात कोणाचे हित उरते, हा प्रश्न तेथे तेव्हापासून विचारला जात आहे. संघीय वन्यजीव-आश्रयस्थानांत मात्र मार्गदर्शकांची क्षेत्रे स्पर्धात्मक निवडीने, मर्यादित संख्येत दिली जातात.

मोंटानाचा अनुभव

मार्गदर्शक-व्यवसाय आणि टॅग यांचा संबंध मोंटानात जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. १९७० च्या दशकाच्या मध्यात या राज्याने बाहेरच्या शिकाऱ्यांचे एकत्रित मोठ्या शिकारीचे परवाने वर्षाला १७,००० वर मर्यादित केले. १९७६ मध्ये स्थानिकाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. या तफावतीला एका स्थानिक आयोजकाने आणि मिनेसोटातील काही शिकाऱ्यांनी आव्हान दिले. आयोजकाचे बहुसंख्य ग्राहक बाहेरचे असल्याने त्याचे हित उघड होते. 'बाल्डविन विरुद्ध मोंटाना मत्स्य व शिकार आयोग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. एल्कची शिकार ही उपजीविकेची बाब नसून करमणूक आहे, म्हणून बाहेरच्यांना समान वागणूक देण्याचे घटनात्मक बंधन तिला लागू होत नाही, असा या निर्णयाचा आशय होता. आयोजकाच्या दृष्टीने ती उपजीविकाच होती. पण न्यायालयाने त्याच्याकडे न पाहता त्याच्या ग्राहकाकडे पाहिले.

पुढे १९९० च्या दशकात मोंटानाने आयोजकांना दिलासा दिला. बाहेरच्यांच्या कोट्यातील सुमारे ५,५०० एकत्रित परवाने आणि हरणांचे सुमारे २,३०० परवाने आयोजकाच्या ग्राहकांसाठी वेगळे ठेवण्यात आले. जादा शुल्क भरून आयोजकाशी करार केला की ग्राहकाला सोडतीची वाट पाहावी लागत नसे. या जादा शुल्कातून खासगी जमिनी सामान्य शिकाऱ्यांना खुल्या करणाऱ्या योजनांना पैसा मिळे. तरीही स्थानिक शिकाऱ्यांत असंतोष वाढत गेला. त्यांची तक्रार अशी होती की, खात्रीचे ग्राहक हाताशी असल्यामुळे आयोजक मोठमोठी कुरणे शिकारीपुरती भाड्याने घेतात आणि पूर्वी मालकाला विचारून जेथे जाता येई, तेथे आता फाटकाला कुलूप दिसते. प्राणी जनतेचा, पण त्याच्यापर्यंतची वाट भाडेकरूची, अशी ही स्थिती होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये 'आय-१६१' या लोकप्रस्तावाद्वारे मतदारांनी राखीव परवाने रद्द केले. सुमारे ५४ टक्के मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी बाहेरच्यांचा एकत्रित परवाना ६२८ वरून ८९७ डॉलरवर नेण्यात आला. त्यानंतर जे घडले ते कोणत्याच बाजूच्या भाकितात बसणारे नव्हते. शुल्कवाढ आणि त्या काळातील आर्थिक मंदी यांमुळे २०११ मध्ये बाहेरच्यांचे परवाने शिल्लक राहिले, म्हणजे आयोजकांच्या ग्राहकांना राखीव कोटा नसतानाही टॅग मिळू शकले. व्यवसायाला खरी झळ बसली ती मागणी परत वाढल्यावर. २०२० नंतर अर्जांची संख्या इतकी फुगली की, नोंदणी केलेले अनेक ग्राहक सोडतीत बाद होऊ लागले. २०२१ मध्ये विधिमंडळात आयोजकांच्या ग्राहकांसाठी मोठा वाटा पुन्हा राखून ठेवण्याचा प्रस्ताव आला. तीव्र विरोधानंतर तो मूळ स्वरूपात टिकला नाही. आधीच नोंदणी केलेल्यांना त्या वर्षापुरते जादा परवाने आणि पुढे आयोजकाच्या ग्राहकांना सोडतीत काही अधिक प्राधान्य, एवढ्यावर तडजोड झाली.

या साऱ्या घडामोडींत मोंटानातील एल्कची संख्या हा वादाचा मुद्दा नव्हताच. राज्याच्या अनेक भागांत एल्क ठरविलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्तच होते. भांडण 'किती' याचे नव्हते, 'कोणाला' याचे होते.

ॲरिझोना ते काँग्रेस

बाल्डविन निर्णयाने शिकारीला करमणूक ठरविले, तर पाव शतकानंतर मार्गदर्शकांनी तिला व्यापार ठरवून दुसऱ्या दाराने प्रवेश केला. ॲरिझोनाने नर एल्कच्या आणि राज्याच्या उत्तरेकडील भागातील शिंगधारी हरणांच्या टॅगपैकी बाहेरच्यांचा वाटा दहा टक्क्यांवर मर्यादित केला होता. त्याला शेजारच्या न्यू मेक्सिकोतील व्यावसायिक शिकारी व मार्गदर्शकांनी आव्हान दिले. २००२ मध्ये नवव्या संघीय अपील न्यायालयाने मान्य केले की, शिंगे, कातडी यांची विक्री आणि शिकारीसाठीचा प्रवास यांमुळे ही मर्यादा आंतरराज्य व्यापाराला बाधक ठरते. २००४ मध्ये खालच्या न्यायालयाने ती मर्यादा लागू करण्यास मनाई केली. पश्चिमेकडील सर्व राज्यांत खळबळ उडाली आणि २००५ मध्ये काँग्रेसने स्वतंत्र तरतूद करून स्थानिक व बाहेरचे यांच्यात भेद करण्याचा राज्यांचा अधिकार पुन्हा प्रस्थापित केला. न्यायालयात जिंकलेली लढाई मार्गदर्शक अशा रीतीने संसदेत हरले. त्यानंतरचे सर्व बदल राज्यांच्या राजधान्यांत झाले आहेत.

न्यू मेक्सिकोने निवडलेला मार्ग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. २०११ च्या कायद्यानुसार तेथील सोडतीत ८४ टक्के टॅग स्थानिकांना, ६ टक्के मार्गदर्शकाविना येणाऱ्या बाहेरच्यांना आणि १० टक्के आयोजकाशी आधी करार केलेल्यांना मिळतात. मार्गदर्शक-व्यवसायाला किती वाटा द्यावयाचा हे येथे लपविलेले नाही. त्या वाट्यावर मतभेद होऊ शकतात, पण तो सुरक्षिततेच्या नावाखाली आलेला नाही.

जेव्हा प्राणीच कमी होतात

'किती' हा प्रश्न खरोखर पुढे येतो तेव्हा वादाचा सूर बदलतो. २०२२-२३ चा हिवाळा वायोमिंगच्या पश्चिम भागात अत्यंत कडक होता. खोल बर्फावर पापुद्रा धरल्याने प्राँगहॉर्न व म्यूल डिअर यांना खाद्य मिळेना. त्यात प्राँगहॉर्नमध्ये श्वसनाच्या जिवाणूजन्य रोगाची साथ आली. कळपांचा मोठा भाग दगावला. २०२३ च्या हंगामासाठी टॅग हजारांनी कमी करण्यात आले आणि हरणांचे काही हंगाम आखूड झाले. या कपातीमुळे आयोजकांचे नुकसान झाले, तरी विरोध तुलनेने सौम्य होता. पुढील दहा वर्षांचा धंदा जिवंत माद्यांवर अवलंबून आहे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? काही आयोजकांनी अधिक कपातीची मागणी केल्याचेही दिसते. हरणकुळातील जीवघेणा क्षयकारी रोग मोंटानाच्या रानात २०१७ मध्ये प्रथम आढळला. तेव्हा काही ठिकाणी उलट, कळप विरळ करण्यासाठी टॅग वाढविण्यात आले.

याच वायोमिंगने २०२२ मध्ये केलेला दुसरा बदल मात्र संपूर्णपणे वाटपाचा होता. बिगहॉर्न मेंढा, मूस, डोंगरी बकरा इत्यादी दुर्मीळ शिकारीतील बाहेरच्यांचा वाटा २०-२५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला आणि २०२३ पासून तो लागू झाला. मारल्या जाणाऱ्या मेंढ्यांची संख्या यामुळे एकानेही घटली नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे दरवर्षी पैसे भरून प्राधान्य-गुण साठविले होते, त्या बाहेरच्या अर्जदारांची रांग मात्र अधिक लांबली. प्राधान्य-गुणांची पद्धत मुळात प्रतीक्षेला न्याय देण्यासाठी आली. पण टॅग ठरावीक आणि रांगेत येणारे अमर्याद असल्यामुळे लागणारे गुण दरवर्षी वाढत जातात आणि नव्याने रांगेत शिरलेल्या तरुणाची पाळी त्याच्या हयातीत येईलच असे नाही. आयडाहो आणि न्यू मेक्सिको यांनी ही पद्धत स्वीकारलेली नाही. तेथे प्रत्येक सोडत नवी असते.

मागेल त्याला टॅग देण्याची मोकळीकही आता आटत चालली आहे. कोलोरॅडोने आपल्या पश्चिम भागात बाहेरच्या धनुर्धारींना एल्कचे खुले टॅग देणे २०२५ पासून बंद केले आणि त्यांना सोडतीत आणले. आयडाहोत बाहेरच्यांचे सर्वसाधारण टॅग १ डिसेंबरला प्रथम येणाऱ्यास प्रथम या तत्त्वाने विकले जात आणि संगणकावरील आभासी रांगेत हजारो लोक ताटकळत. २०२६ च्या हंगामापासून त्या विक्रीची जागा सोडतीने घेतली. आयोजकांच्या ग्राहकांसाठी काही टॅग वेगळे ठेवण्याची तरतूद तेथे कायम आहे.

वायोमिंगने बाहेरच्या एल्क-शिकाऱ्यांची सोडत दोन भागांत चालविली आहे : साधी आणि 'विशेष'. विशेष सोडतीत शुल्क अधिक, अर्जदार कमी आणि म्हणून संधी बरी. बाहेरच्यांचे ४० टक्के टॅग या मार्गाने जात आले आहेत. २०२४ पासून विशेष टॅगचे शुल्क १,९५० डॉलर झाले, तर साध्या टॅगचे ६९२ डॉलरच राहिले. आयोजकाचे हजारो डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाला हा फरक विशेष जाचत नाही. स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन, मार्गदर्शकाविना येणाऱ्या शिक्षकाला किंवा सुताराला तो जाचतो. ज्या राज्यात आयोजकांसाठी वेगळा कोटा नाही, तेथे तो शुल्काच्या तक्त्यातून हळूहळू तयार होतो आहे, आणि त्यावर मतदान घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही.